सोलापुरात इलेक्ट्रिक गाडी चार्ज करण्याचा खरा खर्च

इलेक्ट्रिक गाडी रुपयाला किलोमीटर पडते, असे शोरूममध्ये सांगितले जाते आणि गाडी घेतलेले अनेक जणही तेच सांगतात. हा आकडा मनातून काढलेला नसतो, त्यामागे हिशेब असतो. मात्र त्या हिशेबात विजेचा युनिट सहा रुपयांना धरलेला असतो, आणि सोलापुरातल्या साधारण कुटुंबाच्या गाडीला सहा रुपयांचा युनिट जवळजवळ कधीच मिळत नाही. पेट्रोलच्या तुलनेत इलेक्ट्रिक गाडी स्वस्तच पडते, याबद्दल शंका नाही. तरीही ती किती स्वस्त पडते हे नीट मांडले नाही, तर गाडीसाठी मोजलेली जास्तीची किंमत किती वर्षांत भरून निघेल याचा अंदाज वर्ष-दीड वर्षाने चुकतो, आणि हप्ते फेडणाऱ्या कुटुंबाला ही चूक महागात जाते.

आधी युनिटाचे पाहू. एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. गाडीच्या बॅटरीची क्षमताही याच मापात सांगतात. चाळीस किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे पूर्ण भरल्यावर चाळीस युनिट साठवणारी बॅटरी. लहान किंवा मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी शहरात आणि आसपासच्या रस्त्यांवर, एसी लावून, एका युनिटात साधारण साडेसहा किलोमीटर जाते. कंपनीने जाहीर केलेली रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी जाईल ते अंतर, या हिशेबाहून बरीच अधिक असते, कारण ती प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीवर बेतलेली असते. घरखर्चाचा हिशेब करताना साडेसहाचाच आकडा धरावा.

महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी घेतली, तर या मापाने तिला बॅटरीतून सुमारे १५४ युनिट लागतील. पण मीटरवर १५४ युनिट पडत नाहीत. घरातली वीज एसी प्रकारची, म्हणजे सतत दिशा बदलणारी असते (थंड हवेच्या एसीशी याचा संबंध नाही), बॅटरी मात्र डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीजच साठवते. त्यामुळे गाडीतल्या चार्जरला आधी विजेचे रूपांतर करावे लागते आणि त्यात काही वीज उष्णता होऊन निघून जाते. चार्जिंग चालू असताना गाडीतील नियंत्रक आणि बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणाही वीज घेतात, आणि सॉकेटपर्यंतची वायर बारीक किंवा जुनी असेल तर थोडी वीज तिथेच तापण्यात जाते. टँकरमधून टाकीत पाणी उतरवताना पाइपच्या जोडांतून काही पाणी गळते, पण पैसे टँकरभर पाण्याचे द्यावे लागतात, तसाच हा प्रकार आहे. ही गळती साधारण दहा ते पंधरा टक्के असते. आपण बारा टक्के धरू. म्हणजे बॅटरीत १५४ युनिट उतरवण्यासाठी मीटरवर १७५ युनिट पडतील. गाडीच्या पडद्यावर दिसणारा वापर बॅटरीतून गेलेल्या विजेचा असतो, त्यामुळे ही गळती तिथे दिसत नाही. ती पाहायची असेल तर चार्जिंगच्या सॉकेटला एक साधा सबमीटर बसवून घ्यावा. त्याला फारसा खर्च येत नाही आणि पुढचा सगळा हिशेब पक्का होतो.

शेवटचे युनिट सर्वांत महाग

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा महावितरणच्या घरगुती बिलाच्या रचनेत आहे. घरगुती दर टप्प्यांनी वाढतात. पहिल्या १०० युनिटांना एक दर असतो, १०१ ते ३०० युनिटांना त्याच्या जवळपास दुप्पट, ३०१ ते ५०० युनिटांना त्याहून अधिक आणि ५०० च्या पुढे सर्वांत अधिक. हे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि ते वेळोवेळी बदलतात. म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी वीज आकार आणि वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) मिळून अनुक्रमे ६, ११, १४ आणि १६ रुपये असे सरळ आकडे इथे धरले आहेत. अलीकडच्या दरांच्या ते जवळ आहेत. वाचकांनी आपल्या ताज्या बिलावरचे आकडे त्यांच्या जागी घालावेत. बिलात याशिवाय वापर कितीही असला तरी लागणारा स्थिर आकार असतो, वीज खरेदीच्या खर्चाप्रमाणे लागणारा इंधन समायोजन आकार महिन्यागणिक कमी-जास्त होतो, आणि या सर्वांवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क लागते.

एका गैरसमजाचा इथेच उल्लेख केला पाहिजे. तीनशे युनिटांच्या वर गेले की सगळेच युनिट वरच्या दराने मोजले जातात, अशी भीती पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. ३१० युनिट वापरले तर वरचा दर शेवटच्या दहा युनिटांनाच लागतो, आधीचे तीनशे आपापल्या टप्प्याच्या दरानेच राहतात.

गाडीच्या दृष्टीने नेमकी हीच रचना महत्त्वाची आहे. दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर हा वापर गाडी येण्याआधीपासून घरात आहे आणि गाडी आली नसती तरी तो राहिलाच असता. शहरात नळाला रोज पाणी नसल्यामुळे टाकी भरण्यासाठी मोटर चालवणे सोलापूरकराला चुकत नाही. म्हणजे स्वस्त टप्पे घराने आधीच वापरलेले असतात, आणि गाडीचे युनिट त्यांच्या वर, महाग टप्प्यांत जाऊन बसतात. गाडीमुळे बिलात किती भर पडली हे पाहायचे असेल तर गाडीसह येणाऱ्या बिलातून गाडीविना आले असते ते बिल वजा करावे. बिलाची एकूण रक्कम एकूण युनिटांनी भागून येणारा सरासरी दर इथे उपयोगाचा नाही, कारण त्या सरासरीत घराच्या स्वस्त युनिटांचा वाटा मिसळलेला असतो.

घराचा वापर महिन्याला १८० युनिट आहे असे समजू. गाडीचे १७५ युनिट त्यावर चढले की एकूण ३५५ होतात. त्यांतले १२० युनिट ३०० च्या आत बसतात, त्यांचे ११ रुपयांनी १,३२० रुपये झाले. उरलेले ५५ युनिट पुढच्या टप्प्यात जातात, त्यांचे १४ रुपयांनी ७७० रुपये. एकूण २,०९० रुपये, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरून सुमारे २,४२४ रुपये. इंधन समायोजन आकार यात धरलेला नाही. हजार किलोमीटरला २,४२४ रुपये म्हणजे किलोमीटरला जवळपास २ रुपये ४२ पैसे.

आता हाच हिशेब इतर दोन पद्धतींनी करून पाहू. गळती सोडून आणि सहा रुपयांचा युनिट धरून १५४ युनिटांचे ९२४ रुपये होतात, म्हणजे किलोमीटरला ९२ पैसे. शोरूममधला रुपया इथून येतो. दुसऱ्या पद्धतीत १८० युनिटांच्या जुन्या बिलाची सरासरी काढली जाते. स्थिर आकार १३० रुपये आणि वीज शुल्क धरून ती साधारण १० रुपये ४० पैसे येते, आणि गळती सोडून १५४ युनिटांना ती लावली की किलोमीटरचा खर्च १ रुपया ६० पैशांवर जातो. ही पद्धत प्रामाणिक वाटते आणि जमाखर्च लिहून ठेवणारे लोक बहुधा हीच वापरतात, तरीसुद्धा तिचे उत्तर खऱ्या खर्चाच्या दोन-तृतीयांशच भरते.

उन्हाळ्यात हा फरक आणखी वाढतो. सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४२-४३ अंशांच्या पुढे जातो, आणि घरात एसी असेल तर घराचाच वापर ४५० युनिटांवर जाणे अवघड नसते. अशा महिन्यात गाडीच्या १७५ युनिटांपैकी ५० युनिट १४ रुपयांनी आणि १२५ युनिट १६ रुपयांनी लागतील. शुल्कासह ते ३,१३२ रुपये होतात, म्हणजे किलोमीटरला ३ रुपये १३ पैसे. गाडी तीच, रस्ता तोच, तरी एका ऋतूत खर्च जवळपास तीस टक्क्यांनी वर जातो. त्यात गाडीचा एसी आणि बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा उन्हाळ्यात अधिक वीज खाते, ती वेगळीच. दुपारी उघड्यावर उभी असलेली गाडी सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे एसी पूर्ण जोराने चालतो, त्यामुळे शहरातल्या छोट्या फेऱ्यांत एका युनिटाला साडेसहा किलोमीटर मिळत नाहीत. गाडी सावलीत लावण्याला सोलापुरात रुपयांत मोजता येईल इतकी किंमत आहे.

पेट्रोलशी तुलना करू. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि शहरात गाडी १६ किलोमीटर देते असे धरले, तर किलोमीटरला सुमारे साडेसहा रुपये पडतात. इलेक्ट्रिक गाडीचे २ रुपये ४२ पैसे त्याच्या एक-तृतीयांशाहून थोडे अधिक आहेत. हजार किलोमीटरच्या महिन्यात सुमारे ४,१०० रुपये वाचतात, आणि ही बचत भरीव आहे. मात्र ९२ पैशांचा आकडा डोक्यात असेल तर ती ५,६०० रुपये वाटते. पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडीसाठी तीन लाख रुपये जास्त मोजले असतील, तर इंधनाच्या बचतीतून ते भरून निघायला खऱ्या हिशेबाने सहा वर्षे लागतात आणि शोरूमच्या हिशेबाने साडेचार. महिन्याला पाचशे किलोमीटरसुद्धा गाडी फिरत नसेल तर या वर्षांची संख्या दुपटीच्या आसपास जाते. माझ्या मते कमी फिरणाऱ्या कुटुंबाने निव्वळ इंधनाच्या बचतीसाठी इलेक्ट्रिक गाडी घेऊ नये. आवाज नसणे, धूर नसणे, देखभाल कमी असणे ही कारणे वेगळी आहेत आणि तीही पुरेशी असू शकतात.

शहराजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे, मग सोलापूरला वीज स्वस्त का नाही, असा प्रश्न इथे नेहमी निघतो. त्या प्रकल्पाची वीज राष्ट्रीय जाळ्यात जाते आणि वेगवेगळ्या राज्यांच्या वितरण कंपन्या आपल्या वाट्याप्रमाणे ती विकत घेतात. महावितरणचा घरगुती दर तिच्या साऱ्या क्षेत्राला सारखा असतो. वीजकेंद्र दारात असले काय किंवा पाचशे किलोमीटरवर असले काय, घरगुती बिलात त्याने फरक पडत नाही.

कोणत्या मीटरवर गाडी लावायची

आपल्या जागेत आपलीच गाडी चार्ज केली तर त्या जागेच्या वर्गवारीचाच दर लागतो, असे राज्याच्या दरनियमांत आहे. घरी चार्ज केली तर घरगुती, दुकानात चार्ज केली तर व्यापारी. सार्वजनिक चार्जिंग स्टेशनांसाठी जी वेगळी वर्गवारी आहे तिचा दर घराच्या मीटरला मिळत नाही. नवी पेठेत दुकान आणि जुळे सोलापुरात घर असलेल्या व्यापाऱ्याने दोन्ही बिले समोर ठेवून पाहावे. व्यापारी दर पहिल्या युनिटापासूनच चढा असतो, पण उन्हाळ्यात घराचा वापर पाचशेच्या पुढे गेला असेल तर दोन्हींतले अंतर बरेच कमी झालेले दिसते, आणि कधी उत्तर उलटेही येते.

पूर्व भागात असंख्य घरांत यंत्रमाग आहेत आणि मागाच्या जोडणीला शासनाची सवलत असते. मागाच्या मीटरवर गाडी लावून पैसे वाचवावेत, हा विचार त्यामुळे सहज मनात येतो. ही सवलत कापड विणण्यासाठी दिलेली आहे. मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कारणासाठी वीज वापरल्याचे ठरले, तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे लागू दराच्या दुप्पट दराने आकारणी होते, आणि असा अनधिकृत वापर कधी सुरू झाला हे सिद्ध होत नसेल तर ती मागील बारा महिन्यांसाठी धरली जाते. महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारून लेखी उत्तर घेतल्याशिवाय कोणी या वाटेला जाऊ नये. गाडीच्या चार-दोन हजारांसाठी कारखान्याची सवलत अडचणीत आणणे परवडणारे नाही.

दोन मजल्यांवर दोन भाऊ, दोन स्वयंपाकघरे आणि आधीपासून रीतसर दोन मीटर, अशी घरे शहरात पुष्कळ आहेत. तिथे ज्या मीटरचा वापर कमी त्यावर गाडी लावली तर महिन्याला काही शे रुपये सहज वाचतात. वरच्या मजल्याचा वापर ९० युनिट असेल तर गाडीचे पहिले दहा युनिट सहा रुपयांनी आणि उरलेले सगळे अकरा रुपयांनी बसतात, १४ रुपयांचा टप्पा लागतच नाही. शुल्कासह गाडीचा खर्च २,४२४ रुपयांवरून सुमारे २,१७५ वर येतो. भावाभावांत हिशेब चोख राहावा म्हणून सबमीटर इथेही कामी येतो.

चार्जर कोणता बसवायचा हेही खर्चाशी जोडलेले आहे. हजार किलोमीटरच्या वापराला रोज सरासरी सहा युनिट पुरतात आणि १५ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण तीन किलोवॅटने ते दोन तासांत भरतात. ७.२ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरसाठी बहुधा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, जाड वायर ओढावी लागते, आणि काही घरांत थ्री फेज जोडणी घ्यावी लागते. थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच अधिक असतो आणि तो गाडी फिरो न फिरो दर महिन्याला भरावा लागतो. रोजचा प्रवास तीस-चाळीस किलोमीटरचा असेल तर हा खर्च कशासाठी करायचा, हे आधी स्वतःला विचारावे. सॉकेट मात्र चांगल्या प्रतीचे हवे, त्याला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवे. मिक्सर किंवा इस्त्री काही मिनिटे चालते, गाडी मात्र तासनतास पूर्ण भार ओढते, आणि जुन्या वायरिंगमधले सैल जोड अशा वेळी तापतात. इलेक्ट्रिशियनला बोलावून मुख्य बोर्डापासूनची स्वतंत्र लाइन टाकून घेण्यात कसूर करू नये.

टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारा मीटर, बसलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या, म्हणजे सौर तासांतल्या वापरावर सवलत देण्याची व्यवस्था राज्यात सुरू झाली आहे. असा मीटर बसला असेल आणि गाडी दिवसा घरी उभी राहत असेल, तर रात्रीऐवजी सकाळी दहाच्या सुमारास चार्जिंग लावणे फायद्याचे ठरते. जवळपास सर्व गाड्यांत चार्जिंगची वेळ ठरवून ठेवता येते.

पुण्याला जाताना

सोलापूरकराचे बरेचसे बाहेरगावचे प्रवास घरच्या चार्जिंगवर भागतात, हे या शहराच्या जागेचे वैशिष्ट्य आहे. तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४०, पंढरपूर ७५. जाऊन-येऊन दीडशेच्या आतच राहते, आणि चाळीस युनिटांची गाडी न थांबता परत घरी येते. विजापूरला जाऊन येणे दोनशेच्या आसपास भरते, तेही जपून चालवले तर जमते. सार्वजनिक चार्जरची गरज मुख्यतः पुणे आणि हैदराबादच्या रस्त्यावर पडते.

जलद चार्जरवरचा दर साधारण १५ ते २५ रुपये प्रति युनिट असतो, आणि चार्जिंग ही सेवा धरली जात असल्याने त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. अॅपवर दिसणाऱ्या दरात तो धरलेला आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी तपासावे. २० रुपयांचा दर करासह २३ रुपये ६० पैसे होतो. जलद चार्जर स्वतःच विजेचे रूपांतर करून डीसी वीज गाडीत सोडतो आणि बहुतेक ठिकाणी चार्जरच्या गनमधून, म्हणजे गाडीला लावायच्या जोडणीतून, गेलेल्या युनिटांचेच पैसे घेतले जातात. त्यामुळे घरच्यासारखी बारा टक्क्यांची गळती आपल्या माथी येत नाही, पाचेक टक्के धरले तरी पुरे.

पुण्याला जाऊन-येऊन ५०० किलोमीटरचा हिशेब असा पडतो. महामार्गावर ताशी १०० किलोमीटरने गाडी चालवली तर एका युनिटात साडेपाच किलोमीटर मिळतात आणि एकूण ९१ युनिट लागतात. घरून पूर्ण भरून निघालो आणि दहा टक्के राखून ठेवले तर ३६ युनिट घरचे झाले, उरलेले ५५ बाहेरचे. घरच्या ३६ युनिटांसाठी मीटरवर सुमारे ४१ पडतात, त्यांचे १४ रुपये आणि शुल्क धरून ६६४ रुपये होतात. बाहेरच्या ५५ युनिटांचे, पाच टक्के गळती धरून, सुमारे १,३६६ रुपये. एकूण २,०३० रुपये, म्हणजे किलोमीटरला चार रुपयांहून थोडे अधिक. पेट्रोलची गाडी महामार्गावर लिटरला १७ किलोमीटर देते असे धरले तर तिला सुमारे ३,१०० रुपये लागतात. शहरात खर्च एक-तृतीयांशाच्या जवळ होता, पुण्याच्या रस्त्यावर तो दोन-तृतीयांशावर आला. ज्यांचे काम दर आठवड्याला पुण्याला असते, त्यांनी गाडी घेण्याआधी हा आकडा लक्षात घ्यावा.

वेग कमी केला तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरला तो जेवढा असतो त्याच्या सुमारे दीडपट ताशी १०० ला होतो. ८० ते ८५ च्या दरम्यान गाडी ठेवली आणि युनिटाला साडेसहा किलोमीटर मिळाले, तर ९१ ऐवजी ७७ युनिटांत पुण्याचा फेरा होतो. कमी झालेले चौदा युनिट बाहेरच्या महाग चार्जिंगमधून कमी होतात, म्हणून बचत साडेतीनशे रुपयांच्या घरात जाते. शिवाय ३० किलोवॅटच्या चार्जरवर सुमारे अर्धा तास कमी थांबावे लागते, त्यामुळे हळू चालवण्यात गेलेला वेळ काही प्रमाणात वसूल होतो. ऐंशी टक्क्यांच्या पुढे जलद चार्जिंग मंदावते, म्हणून शंभर टक्क्यांची वाट पाहत चार्जरवर थांबण्यात काही लाभ नाही. काही चार्जरवर गाडी भरल्यानंतरही तशीच लावून ठेवल्यास वेगळा आकार लागतो. अनेक अॅपमध्ये आगाऊ पैसे भरावे लागतात आणि ते तिथेच पडून राहतात. वर्षातून दोनदा पुण्याला जाणाऱ्याने चार-पाच अॅपमध्ये पैसे अडकवू नयेत.

छतावरची वीज

सोलापूरला ऊन भरपूर आहे, आणि गाडीच्या खर्चात मोठा फरक पाडण्याची ताकद त्या उन्हातच आहे. एक किलोवॅटचे सौर पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतात, पावसाळ्यात कमी आणि उन्हाळ्यात अधिक. तीन किलोवॅटची यंत्रणा महिन्याला सरासरी ३६० युनिट देते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान आहे. अनुदान वजा जाता सव्वा लाख रुपये घरातून गेले असे धरले आणि यंत्रणा वीस वर्षे चालली, तर सुमारे ८६,००० युनिट मिळतील. इन्व्हर्टर एकदा बदलणे, पॅनल धुणे हे खर्च धरले तरी युनिट दोन रुपयांच्या आसपास पडतो. सोलापुरात धूळ फार, त्यामुळे पॅनल नियमित धुतले नाहीत तर उत्पादन लक्षात येण्याइतके घटते आणि वरचा हिशेब कोलमडतो.

शेवटच्या युनिटाचे तत्त्व इथे गाडीच्या बाजूने काम करते. घराला १८० युनिट लागतात आणि छतावर ३६० तयार होतात. गाडी नसेल तर उरलेले युनिट नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे महावितरणला दिलेल्या आणि तिच्याकडून घेतलेल्या विजेच्या वजावटीच्या खात्यात, जमा होत राहतात आणि वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्यांचे महावितरणकडून फार कमी दराने पैसे मिळतात. गाडी हेच उरलेले युनिट वापरते. त्यामुळे १७५ युनिटांना साडेतीनशे रुपये आणि किलोमीटरला ३५ पैसे पडतात. रुपयाला किलोमीटर हे वाक्य इथे खरे ठरते, किंबहुना कमीच सांगते. पण सौर यंत्रणा दीड किलोवॅटचीच असेल आणि ती जेमतेम घराचाच वापर भागवत असेल, तर गाडीचे युनिट महावितरणकडूनच घ्यावे लागतील. ते पहिल्या टप्प्यापासून सुरू होतील, १०० युनिट सहा रुपयांनी आणि ७५ युनिट अकरा रुपयांनी, आणि शुल्कासह १,६५३ रुपये होतील. अशा घरात गाडीची वीज सौर आहे म्हणून फुकट आहे, असे मानणे बरोबर नाही.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न यापेक्षा बिकट आहे आणि शहरात नवीन घरे बहुतांशी अपार्टमेंटमध्येच होत असल्यामुळे तो वाढतच जाणार आहे. छत सर्वांचे, पार्किंग खाली, आणि मीटर जिन्याखालच्या खोलीत. सोसायटीच्या सामाईक मीटरवर पार्किंगमध्ये सॉकेट देणे सोपे वाटते. पण लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचाच वापर तिथे पाचशे युनिटांच्या पुढे गेलेला असेल, तर प्रत्येक गाडीचा प्रत्येक युनिट १६ रुपये आणि शुल्क मिळून १८ रुपये ५६ पैशांचा होतो. १७५ युनिटांचे ३,२४८ रुपये. सोसायटीने गाडीवाल्याकडून सरासरी दराने पैसे घेतले तर उरलेला भार गाडी नसलेल्या कुटुंबांवर पडतो आणि सभेत भांडण होते. म्हणून सामाईक मीटरवर चार्जिंग द्यायचेच असेल तर प्रत्येक गाडीला सबमीटर आणि वरच्या टप्प्याचा दर, असा ठराव आधीच करून ठेवावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे आपल्या फ्लॅटच्या मीटरपासून आपल्या पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर ओढणे. मीटरची खोली बहुधा तळमजल्यावरच असल्याने हे अंतर फार नसते. सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, वायर पाइपमधून न्यावी, पार्किंगमध्ये कुलूपबंद सॉकेट बसवावे. जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला नवीन फ्लॅट पाहायला जाल, तेव्हा मीटरच्या खोलीपासून आपल्या पार्किंगच्या जागेपर्यंत वायरसाठी पाइप टाकलेला आहे का, हे बिल्डरला विचारा. बांधकाम चालू असताना हे काम अगदी थोड्या पैशांत होते. फरशी बसल्यावर त्याच कामासाठी ती फोडावी लागते आणि तेव्हा सोसायटीची परवानगी मिळवणे अवघड होऊन बसते.